दोन रकाने, एक पेठ : आधुनिकतावाद आणि उत्तर-आधुनिकतावाद ह्यांच्या भेदाविषयी

फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढावी, डावीकडे 'आधुनिकतावाद' आणि उजवीकडे 'उत्तर-आधुनिकतावाद' असे लिहावे, आणि मग एकेक जोडी उतरवीत जावे : घाट आणि घाटभंग, हेतू आणि क्रीडा, उतरंड आणि अराजक, पूर्ण कलाकृती आणि चालू प्रक्रिया, खोली आणि पृष्ठभाग. पुण्यातील एका महाविद्यालयात मराठीचे अध्यापन करणाऱ्या एका प्राध्यापकांनी ही रीत वीसहून अधिक वर्षे निष्ठेने पाळली होती. जोड्यांचा मूळ आराखडा इहाब हसन ह्यांचा. हसन ह्यांनी आपल्या यादीतील भेद निसरडे आहेत असे स्वतःच बजावून ठेवले होते. परंतु वर्गापर्यंत पोहोचता पोहोचता ती सूचना गळाली आणि यादी तेवढी उरली. विद्यार्थ्यांना ती पाठ करणे सोपे जाई, परीक्षकांना तपासणे सोपे जाई, आणि प्राध्यापकांनाही त्या उभ्या रेघेचा एक आधार वाटत असे. वाङ्मयेतिहासासारख्या व्यामिश्र प्रवाहाला निदान एका ठिकाणी तरी बांध घालता आला, असे समाधान त्या रेघेत होते.

हा बांध फुटला तो २०१३ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस. २० ऑगस्टच्या सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांची पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली होती. शनिवार पेठेच्या काठावर, ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर ते फिरायला निघाले असताना हे घडले. त्यानंतरच्या आठवड्यात एम. ए. च्या वर्गात ल्योतार ह्यांचा १९७९ चा ग्रंथ समजावून सांगण्याची वेळ आली. महाकथनांवरचा विश्वास ओसरला आहे, मुक्ती आणि विवेक ही प्रबोधनयुगाची महाकथने होती व त्यांची अधिमान्यता आता संपुष्टात आली आहे, असे प्राध्यापक सांगत होते. 'विवेक' हा शब्द त्यांनी नेहमीप्रमाणे डाव्या रकान्यात लिहिला. मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी उठून उभी राहिली. ती शनिवार पेठेतल्याच एका जुन्या वाड्यात कॉट बेसिसवर राहत होती. तिने विचारले, "सर, डाव्या रकान्यातले सगळे संपले असेल, तर मग परवा पुलावर काय झाले? संपलेल्या गोष्टीसाठी कोणी कोणाला मारते का?"

प्राध्यापकांनी उत्तर दिले. पण ते उत्तर नव्हते. तत्त्वचर्चा आणि घटना ह्यांच्या पातळ्या निराळ्या असतात, असे काहीसे ते बोलले. विद्यार्थिनी शांतपणे खाली बसली. तिच्या बसण्यात समाधान नव्हते, सौजन्य होते. आणि ते त्यांना प्रश्नापेक्षाही अधिक बोचले. पुढील काही महिने अध्यापनानंतर घरी परतताना ते वाट वाकडी करून शनिवार पेठेतून जाऊ लागले. पुस्तकात ज्याचे उत्तर सापडत नव्हते तो प्रश्न त्या पेठेत राहणाऱ्या मुलीने विचारला होता. निदान पेठ तरी नीट वाचावी, अशी काहीशी त्यामागची भावना होती.

पेठ वाचायची म्हणजे शनिवारवाड्यापासून सुरुवात करणे आले. १७३० मध्ये पायाभरणी, १७३२ मध्ये वास्तुशांत, १८२८ च्या आगीत आतील इमारतींचा नाश : हा इतिहास शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. परंतु साहित्याच्या अध्यापकाच्या दृष्टीने ह्या वाड्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. १७७३ मध्ये येथे नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि त्या खुनाभोवती मराठीतील सर्वांत प्रसिद्ध पाठभेदाची आख्यायिका उभी राहिली. 'धरावे' ह्या शब्दातील 'ध' चा 'मा' झाला आणि धरण्याची आज्ञा मारण्याची आज्ञा ठरली. ही कथा इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते हा प्रश्न वेगळा. परंतु अर्थ हा चिन्हांमधील भेदातून उपजतो, त्याला स्थिर केंद्र नसते, हे तत्त्व वर्गात समजावण्यास ह्याहून चांगले उदाहरण नाही, असे प्राध्यापकांना वाटे व ते त्याचा वापरही करीत. वर्ग हसत असे. आता त्या दरवाज्यासमोर उभे राहिल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की ह्या उदाहरणाचा उत्तरार्ध आपण कधीच शिकवला नाही. अक्षर बदलले तेव्हा अर्थाची केवळ क्रीडा झाली नव्हती. एक अठरा वर्षांचा मुलगा मारला गेला होता, आणि ही आख्यायिका लोकांनी जपली ती अक्षराच्या चमत्कारासाठी नव्हे, अक्षर बदलणाऱ्यावर ठपका ठेवण्यासाठी. लोककथेने चिन्हाची अस्थिरता ओळखली होती आणि तरीही जबाबदारीचा प्रश्न सोडला नव्हता.

ह्याच पेठेत रमणबागेची शाळा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर ह्यांच्या न्यू इंग्लिश स्कूलची ही परंपरा १८८० पर्यंत मागे जाते. येथे संज्ञांचा एक गोंधळ निस्तरणे आवश्यक ठरते. आगरकरांनी ज्याचा पुरस्कार केला ती आधुनिकता : बुद्धिप्रामाण्य, व्यक्तिस्वातंत्र्य, समाजरचनेची चिकित्सा. साहित्यातील आधुनिकतावाद ही ह्याहून निराळी, किंबहुना पुष्कळ अंशी तिच्याविरुद्ध उभी राहिलेली प्रवृत्ती होय. मराठीत ती ठळकपणे आली मर्ढेकरांच्या १९४७ च्या 'काही कविता' ह्या संग्रहाबरोबर. यंत्रयुगाने माणसाचे जे केले त्याची वेदना ह्या कवितेत होती, आणि त्या तुटलेपणाला सांधणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे घाट. लयतत्त्वाची मीमांसा करणारे सौंदर्यशास्त्रज्ञ मर्ढेकर आणि भंगलेल्या महानगराचा कवी मर्ढेकर ह्यांच्यात दिसणारा विरोध वरवरचा आहे. जग मोडले म्हणून कवितेची बांधणी अधिक कसून करायची, हाच आधुनिकतावाद्यांचा कलाधर्म होता. म्हणजे फळ्यावरचा डावा रकाना मुळातच एकजिनसी नव्हता. आगरकरांचा विवेक आणि मर्ढेकरांचा विषाद ह्या दोन भिन्न वस्तू एकाच मथळ्याखाली कोंबल्या गेल्या होत्या. उत्तर-आधुनिकतावादाने घाटाच्या स्वायत्ततेला आव्हान दिले, तेव्हा त्याच दमात विवेकाचीही वासलात लागली असे समजण्याची चूक ह्या एका मथळ्यामुळे होत आली.

पेठेतील वास्तूंनी हा गुंता आणखी वाढवला. वास्तुसमीक्षक चार्ल्स जेंक्स ह्यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात आधुनिक वास्तुकलेच्या मृत्यूची वेळ थट्टेच्या सुरात नोंदवून टाकली : १५ जुलै १९७२, दुपारी ३ वाजून ३२ मिनिटे किंवा त्या सुमारास. अमेरिकेतील सेंट लुई येथील प्रुइट-आयगो ही वसाहत सुरुंगाने पाडली गेली, हा तो प्रसंग. गरिबांसाठी आधुनिक नियोजनाच्या तत्त्वांवर बांधलेली ही वसाहत वीस वर्षेही नीट नांदली नाही. वर्गात हे उदाहरण नेहमी येई. शनिवार पेठेतून चालताना प्राध्यापकांना त्याच्या जोडीला दुसरी तारीख सुचली : १२ जुलै १९६१. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला धरणही फुटले आणि मुठेच्या पुराने नदीकाठच्या पेठांमधील वाडे कोसळले. शनिवार पेठही त्यात सापडली. सेंट लुईत जे पडले ते आधुनिक होते. पुण्यात जे पडले ते माती, लाकूड आणि विटा ह्यांचे प्रागाधुनिक वाडे होते, आणि ज्याच्या फुटण्याने ते पडले ते धरण मात्र आधुनिक राष्ट्रउभारणीचे स्वप्न होते. ह्या आपत्तीतून पुणेकरांनी आधुनिकतेच्या अंताचा निष्कर्ष काढला नाही. त्यांनी सिमेंट-काँक्रीटच्या इमारती बांधल्या. आधुनिकतेने केलेल्या जखमेवर औषधही आधुनिकतेकडेच मागावे लागले. पाश्चात्त्य कालक्रमात एकामागून एक येणारे टप्पे येथे एकाच आळीत, कित्येकदा एकाच भिंतीच्या दोन बाजूंना नांदताना दिसतात.

पुरातून वाचलेले वाडेही पुढे एकेक करून पाडले गेले. भाडेकरू आणि मालक ह्यांचे तंटे, वाटण्या, चटई निर्देशांकाचे गणित ह्यांतून त्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील काहींच्या नावात 'वाडा' हा शब्द राहिला आहे. दर्शनी भागावर महिरप आहे, पण ती कोणताही भार पेलत नाही. लाकडी खांबाचा भास आहे, पण आत पोलादी सळ्या आहेत. ही अवतरणे आहेत. फ्रेडरिक जेम्सन ह्यांनी १९८४ च्या निबंधात विडंबन आणि नुसती शैलीची नक्कल ह्यांत भेद केला तो येथे डोळ्यांसमोर उभा राहतो. विडंबनाला कशाची तरी चीड असते. नकलेला कशाचीच नसते. ह्या इमारतींच्या दर्शनी महिरपी जुन्या वाड्यावर प्रेमही करीत नाहीत आणि त्याची चिकित्साही करीत नाहीत. वाड्यात कोणाला दिवाणखान्यात जागा होती, कोण माजघरापलीकडे येऊ शकत नव्हते आणि कोणाला दिंडी दरवाजाबाहेरच थांबावे लागे, ही वाड्याची खरी रचना होती; नव्या महिरपीत तिचे स्मरण कोठेही नाही.

आता ह्याच अवतरणप्रवृत्तीचे दुसरे रूप पाहावे. ज्या वर्षी सेंट लुईत सुरुंग उडाले त्याच वर्षी, १६ डिसेंबर १९७२ रोजी, पुण्यात भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. कीर्तन, तमाशा, दशावतार, खेळे ह्यांचे अंश एकत्र आणणारे, माणसांचीच भिंत करून तिच्यामागे व तिच्यातून सत्तेचा खेळ दाखवणारे, इतिहासाला मुद्दाम अनैतिहासिक वागवणारे हे नाटक उजव्या रकान्यातील जवळजवळ प्रत्येक लक्षण पूर्ण करते. तरीही ते नुसती नक्कल नाही. पेशवाईचे अवतरण घेताना त्या अवतरणाच्या गळ्यावर त्याने हात ठेवला, म्हणूनच एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबले आणि ते पुन्हा उभे करण्यासाठी थिएटर अॅकॅडमी ही वेगळी संस्था जन्मास आली. महिरपीमुळे कोणतीही संस्था फुटत नाही. दोन्ही ठिकाणी भूतकाळाचे अवतरण आहे, दोन्ही ठिकाणी सरमिसळ आहे. मात्र एका ठिकाणी अवतरणाला किंमत पडली आणि दुसऱ्या ठिकाणी अवतरणाने केवळ किंमत वाढवली.

१९७४ मध्ये आलेले 'महानिर्वाण' हे तर ह्या पेठेच्या अगदी जवळचे नाटक. त्याचे लेखक सतीश आळेकर रमणबागेचे विद्यार्थी. मेलेले भाऊराव स्वतःच स्वतःच्या मरणाचे कीर्तन करतात आणि आपले दहन जुन्याच स्मशानात व्हावे असा हट्ट धरतात, हा त्यातील पेच. ओंकारेश्वराजवळच्या घाटावर एके काळी स्मशान होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्या हट्टातील हसू आणि कारुण्य वेगळे करता येत नाही. मर्ढेकरांच्या कवितेत मरण येते तेव्हा ते जगाच्या अर्थहीनतेचा पुरावा म्हणून येते. आळेकरांच्या नाटकात मरण हे शेजारीपाजारी, वर्गणी, तिरडी, कावळा आणि पालिकेचा कारभार ह्यांच्यात अडकून पडते. अर्थ हरवल्याचा शोक तेथे नाही. अर्थ असल्याचे सोंग सर्वांनी किती चोख वठवले आहे, ह्याची मौज आहे. दोन प्रवृत्तींमधील भेद कोठे दाखवायचाच असेल तर तो येथे दाखवता येतो : केंद्र ढळल्याचे दुःख हा आधुनिकतावादाचा स्थायीभाव, तर केंद्र कधी होते तरी काय, हा उत्तर-आधुनिकतावादाचा मिस्कील प्रश्न.

परंतु हा मिस्कील प्रश्न कोणी विचारायचा, हाही एक प्रश्नच आहे. केंद्रात बसून कंटाळलेल्यांनी केंद्र नाकारणे आणि केंद्रापर्यंत कधी पोहोचू न दिलेल्यांनी ते नाकारणे ह्या दोन कृती सारख्या नव्हेत. १९७२ ह्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला आणि मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. 'गोलपिठा'ची भाषा प्रमाणभाषेची उतरंड मोडते, उच्च आणि हीन ह्यांची सरमिसळ करते, सभ्य घाट उधळते. लक्षणांची यादी हाती घेऊन बसलेला वाचक तिला निःशंकपणे उजव्या रकान्यात बसवील. पण ती भाषा ज्या समतेची मागणी करते ती समता डाव्या रकान्यातील आहे, आंबेडकरांच्या संविधानातील आहे. पाश्चात्त्य विद्यापीठांतून 'लेखकाचा मृत्यू' आणि 'कर्त्याचे विसर्जन' जाहीर होत होते, त्याच सुमारास मराठीत हजारो वर्षे ज्यांना कर्ता होऊ दिले नाही ती माणसे प्रथमच 'मी' हे सर्वनाम लिहीत होती. त्यांना तो 'मी' भ्रामक असल्याचे ऐकवणे, ह्यात सिद्धांताचे औद्धत्य होते. त्याही मागे गेले तर जोतीराव फुले दिसतात. पोवाडा, अखंड, संवाद, नाटक असे मिळेल ते रूप त्यांनी हाती घेतले. ही सरमिसळ उत्तर-आधुनिक म्हणावी काय? कालदृष्ट्या ती मर्ढेकरांच्या कितीतरी आधीची आहे. मिश्ररूप हे आपल्याकडील लोकपरंपरेचे जुनेच धन आहे. ते दिसताच उत्तर-आधुनिकतेची मोहोर उठवणे म्हणजे आपल्या घरातील भांडे बाजारातून विकत आणण्यासारखे आहे.

असे वाचत वाचत प्राध्यापक पेठेतून फिरत राहिले. अहिल्यादेवी शाळेजवळच्या सुदर्शन रंगमंचावर ते मधूनमधून प्रयोग पाहायला जात. हाताच्या अंतरावर नट, मोजक्या खुर्च्या, रंगमंच आणि प्रेक्षागृह ह्यांतील रेघ जवळजवळ पुसलेली. पेठेतच 'साधना' साप्ताहिकाचे कार्यालय आहे. साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या ह्या साप्ताहिकाचे दाभोलकर १९९८ पासून अखेरपर्यंत संपादक होते. ह्या दोन दारांमध्ये काही संबंध आहे हे प्राध्यापकांच्या ध्यानात आले ते रिंगणनाट्यांमुळे. हत्येनंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी नाट्यकर्मी अतुल पेठे ह्यांच्या मार्गदर्शनाखाली ही नाटके उभी केली. नेपथ्य नाही, व्यासपीठ नाही, नट व्यावसायिक नाहीत; कार्यकर्ते गोल करून उभे राहतात आणि त्या गोलातच विवेकाची बाजू मांडतात. त्याआधी, २०१२ मध्ये, पेठे ह्यांनीच गो. पु. देशपांडे ह्यांचे 'सत्यशोधक' हे जोतीरावांवरील नाटक पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन केले होते. ज्यांच्यासाठी फुले लढले त्यांच्या वारसांनीच फुले उभे केले. नट आणि भूमिका, दस्तऐवज आणि नाट्य, प्रयोग आणि चळवळ ह्यांच्या सीमा दोन्ही ठिकाणी पुसल्या गेल्या होत्या. रीत सर्वस्वी उजव्या रकान्यातील. प्रयोजन निखालस डाव्या रकान्यातील. उभी रेघ मधोमध तुटली होती, आणि ती कोणा सिद्धांतकाराने तोडलेली नव्हती.

येथे प्राध्यापकांना आपल्या चुकीचे स्वरूप स्पष्ट झाले. आधुनिकतावाद आणि उत्तर-आधुनिकतावाद ह्यांत भेद नाही, असे मुळीच नव्हे. घाटाला तारक मानणे आणि घाटाकडे संशयाने पाहणे, शोक आणि खेळ, एकात्मता आणि सरमिसळ हे भेद खरे आहेत व कलाकृती वाचताना उपयोगाचेही आहेत. चूक होती ती ह्या कलाभेदाला इतिहासाचा निकाल समजण्यात. कलेची रीत बदलली म्हणून माणसाची गरज कालबाह्य होत नाही. विवेकाच्या नावाने जुलूम झाले, नियोजनाच्या नावाने वसाहती आणि धरणे कोसळली, हे उत्तर-आधुनिक विचाराने दाखवून दिले आणि ते मोलाचे आहे. परंतु विवेकाची चिकित्सा करणे आणि विवेक निकालात काढणे ह्यांत 'ध' आणि 'मा' ह्यांच्याइतकेच अंतर आहे : कागदावर एका अक्षराचे, पुलावर एका आयुष्याचे.

दाभोलकर ज्या कायद्यासाठी अनेक वर्षे झटले तो जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळात संमत झाला. पुढे कित्येक महिने दर २० तारखेला कार्यकर्ते त्या पुलावर जमत. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली. तोवर प्राध्यापक निवृत्त झाले होते. प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी आता एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवते. निकालाच्या दिवशी तिचा दूरध्वनी आला. बोलणे निकालाविषयी झाले, आणि मग प्राध्यापकांनी संकोचाने विचारले, की तो धडा ती वर्गात कसा शिकवते.

"रकाने पाडतेच, सर," ती म्हणाली. "मुलांना परीक्षा द्यायची असते. पण 'विवेक' हा शब्द कोणत्या बाजूला लिहायचा ते मी सांगत नाही. ते त्यांच्यावर सोडते. मग तासभर वर्गात भांडण चालते."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राध्यापक पुलावर गेले. नदीला पाणी बेताचेच होते. एका टोकाला ओंकारेश्वराचे शिखर, दुसऱ्या टोकाला बालगंधर्व रंगमंदिर. मधून फिरायला आलेली माणसे, क्लासला निघालेल्या मुली, दुचाक्या. अस्पृश्यतेच्या प्रश्नासाठी आयुष्य वेचलेल्या विठ्ठल रामजी शिंदे ह्यांचे नाव ह्या पुलाला आहे, हे त्या गर्दीतील किती जणांच्या मनात होते कोण जाणे. प्राध्यापक काही वेळ कठड्याशी उभे राहिले. अकरा वर्षांपूर्वी वर्गात जे उत्तर द्यायला हवे होते ते त्यांच्या शिष्येने फळ्यावर एक जागा मोकळी ठेवून दिले होते. ती जागा रोज भरली जाते, आणि ती भरण्यासाठी घराबाहेर पडावे लागते, एवढे समजून ते पेठेच्या दिशेने परत वळले.